वळणावरचा हॉर्न

बाबा गेले त्याच्या पुढच्या वर्षी गाडीला पंधरा वर्षं पूर्ण होत आली. पंधरा वर्षांची गाडी पुन्हा एकदा आरटीओच्या साहेबांसमोर उभी करावी लागते. ते दिवे बघतात, ब्रेक बघतात, नंबर ताडून बघतात, आणि पास केली तरच ती पुढची पाच वर्षं रस्त्यावर चालते. आईचा फोन आला तो तक्रारीच्याच सुरात. "कागद संपून राह्यले गाडीचे. तू ये आन् पासिंग करून दे. भंगारात देनार नाई मी, आधीच सांगून ठेवते."

मी गडचांदूरला एका कॉलेजात शिकवते. तिथे दिवसभर सिमेंटचे ट्रक हॉर्न मारत जातात आणि मला त्याचं काही वाटत नाही. आईच्या फोननंतर मात्र दोन दिवस मी प्रत्येक ट्रकला दचकत होते. पासिंगला हॉर्न लागतो, आणि आमच्या गाडीचा हॉर्न बारा वर्षं बंद होता. तो का बंद आहे हे अख्ख्या गावाला माहीत होतं. शेवटचा तो कोणाच्या हाताने वाजला, हे मात्र दोनच माणसांना ठाऊक होतं. त्यातले बाबा आता नव्हते. उरले मी.

आणि गावात एक माणूस असा होता, ज्याला हे मी बारा वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं. गाडी पास होवो न होवो, या वेळी त्याला सांगायचं, असं मी बसमध्ये बसता बसता ठरवलं. असं मी याआधीही सात-आठ वेळा ठरवलं होतं. ठरवण्यात माझा हात कोणी धरणार नाही.

आमचं गाव ब्रह्मपुरीपासून वीसेक किलोमीटरवर. मध्ये जंगलाचा एक पट्टा लागतो आणि त्या पट्ट्यात एक वळण आहे. वळणाच्या डाव्या अंगाला मोहाची जुनी झाडं, उजवीकडे नाल्याचा उतार. एप्रिलमध्ये पहाटेच गावातल्या बाया तिथे मोहफुलं वेचायला जातात. फुलं जमिनीवर पडलेली असतात, त्यामुळे दोन-दोन तास वाकूनच काम. आणि वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत असतं. म्हणून गावाने एक रीत घालून घेतली होती. मोहाच्या दिवसांत त्या वळणावरून कोणतीही गाडी गेली, की तिने दोनदा हॉर्न मारायचा. तो ऐकून बाया कंबर सरळ करून उभ्या राहायच्या, एकमेकींना हाका घालायच्या, टोपल्या मोजायच्या आणि मग पुन्हा वाकायच्या. बाबांची शाळा दोन गावं पलीकडे होती. ते रोज सकाळी तिथून जायचे. त्यांचा हॉर्न हेच बायांचं घड्याळ होतं.

मी एकोणीस वर्षांची होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत बाबा मला गाडी शिकवत होते. माझ्याकडे लायसन नव्हतं, पण सकाळी सहाला त्या रस्त्यावर बघायला कोण येतंय, असं त्यांचंच म्हणणं. त्या दिवशी मी चालवत होते आणि ते शेजारी बसून माझ्या क्लच सोडण्याला नावं ठेवत होते. वळण घेतलं आणि समोर रस्त्यावर वाघ बसलेला.

तो आमच्याकडे बघतसुद्धा नव्हता. तोंड नाल्याकडे होतं. पाणी प्यायला उतरणार होता, हे आज मला स्वच्छ कळतं. बाबा अगदी हळू म्हणाले, "थांब. काईच करू नको. त्याले जाऊ दे." मी गाडी थांबवली. आणि मग माझा हात गेला. घाबरून गेला असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे. खरं तर लहानपणापासून त्या वळणावर हॉर्न मारताना पाहत आले होते, म्हणून गेला. वळण आलं, हॉर्न मारायचा. ती रीत वाघ दिसत नसताना पाळायची असते. वाघ समोर असेल तर त्याला त्याची वाट घेऊ द्यायची, ही दुसरी अर्धी गोष्ट माझ्या डोक्यात आलीच नाही. दोनदा मारायचा तो हॉर्न मी दाबूनच धरला.

वाघ उठला. एकदा गाडीकडे पाहिलं. मग नाल्याकडे पाठ फिरवून तो डावीकडे, मोहाच्या झाडांत शिरला.

त्यानंतरचं मला सलग आठवत नाही. बाबांनी माझा हात ओढून काढला. ते खाली उतरून ओरडत रस्त्याने पळाले. बाया झाडांतून धावत रस्त्यावर आल्या, आठ आल्या, नववी आली नाही. त्या आल्या तेव्हा मी शेजारच्या सीटवर बसलेली होते. बाबांनी आधी मला सरकवलं आणि मग बायांना हाक मारली, की आधी हाक मारली आणि नंतर मला सरकवलं, हे मी आजपर्यंत आठवायचा प्रयत्न करते. कधीकधी वाटतं आठवलं. मग मी घाईने उठून काहीतरी कामाला लागते.

नववी बाई आमच्या गावाच्या फाट्यावर गॅरेज असलेल्या मिस्त्रींची बायको होती. माणसं लाठ्या घेऊन गेली, त्यांना ती नऊच्या सुमारास सापडली. जंगल खात्याचे लोक आले. हॉर्न सगळ्यांनी ऐकला होता, आणि गाडी कोणाची हे सांगायची गरज नव्हती. बाबा म्हणाले, "वाघ समोर बसून होता. मीच वाजवला." मी तिथेच उभी होते. "वाघ समोर दिसत असताना हॉर्न मारते का कोनी? आन् म्हने मास्तर!" असं कोणीतरी म्हणालं, आणि पुढे बारा वर्षं गाव हेच म्हणत राहिलं. मी शिकायला नागपूरला गेले, तिथून नोकरीला गडचांदूरला. गावात यायचे तेव्हा फाट्याच्या आधीच्या थांब्यावर उतरून शेताशेताने घरी जायचे. बाबा तो हॉर्न वाजल्याबद्दल माझ्याशी कधीही बोलले नाहीत. गाडी मात्र ते बिनहॉर्नचीच चालवत राहिले. रस्त्यात गाय आली, शेळ्या आल्या, सायकलवाला आला, की उजवा हात खिडकीतून बाहेर काढून दारावर थाप मारायचे. त्या जागेवरचा रंग उडून आतला पत्रा दिसायला लागला होता.

मी घरी पोचले तेव्हा धानाची कापणी उरकली होती. गाडी गोठ्याच्या बाजूला, धानाच्या तणसाच्या गंजीला टेकून उभी. वर्षभर कोणी हलवलेली नव्हती. बॉनेट उघडलं तर एअर फिल्टरच्या डब्यात उंदरांनी घर केलेलं. धानाची फोलकटं, कापूस, आईच्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या, सगळा संसार मांडून ठेवला होता. मी ड्रायव्हरच्या सीटवर बसले आणि दार ओढलं. काच खाली होती. मी बसले तेवढ्या वेळात दारावर बाहेरून दोनदा थाप पडली.

आई असेल म्हणून मी वळून पाहिलं. आई विहिरीवर होती. पलीकडे कोणी नव्हतं. तणस घसरून दारावर पडलं असेल, शेळीने शिंग मारलं असेल, मी एरवी पोरांना अशा दहा गोष्टी सांगू शकले असते. तेव्हा मी उतरले आणि ओसरीवर येऊन बसले.

"कोणत्या मिस्त्रीकडे न्यायची?" मी आईला विचारलं.

"कोनत्या म्हंजे? फाट्यावरच्या. दुसरा कोन आहे? बाबा तर शेवटपर्यंत तिथीच नेत होते."

मला हे माहीत नव्हतं. आईने विहिरीचं पाणी ओतता ओतता सांगितलं. तिला खरं माहीत आहे का, हेही मी त्या दिवशी विचारलं नाही. आमच्या घरात न विचारण्याची सवय माझ्यापासूनच सुरू झालेली.

शेजारच्या ट्रॅक्टरने ओढत गाडी फाट्यावर नेली. मिस्त्री आता साठीला आलेले, पण हात अजून तसेच घट्ट. गावात त्यांना सगळे भाऊ म्हणतात, मीही तेच म्हटलं. त्यांनी मला ओळखलं, मान हलवली, आणि सरळ गाडीभोवती फिरायला लागले.

"लाईटच्या काचा पिवळ्या पडल्या, घासाव्या लागतीन. वायपरचं रबर गेलं. हॅंडब्रेक धरत नाई. टायर दोन बदलव, मागचे चालतीन. सीटचे पट्टे ओढून पाय, पुरे निघतात का. नंबर प्लेट नवी लागते. चेसिसचा नंबर गंजला असन, कागद ठेवून पेन्सिल घासू, उमटला तर ठीक." मग जरा थांबून म्हणाले, "आन् हॉर्न."

"हो," मी म्हटलं.

"तार तुया बापानंच कापली. इथी येऊन, मायाच पक्कडनं, माया समोर. त्याच आठवड्यात."

मी तेव्हा बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही. तेवढ्यात ते गाडीखाली गेले, आणि मला बरं वाटलं. हे बरं वाटणं मला बारा वर्षं पुरलं होतं.

दोन दिवस मी त्यांच्याबरोबर राबले. काचा टूथपेस्ट लावून फडक्याने घासल्या, हात दुखेपर्यंत. उंदरांचं घर मोडलं. सीटखालून खडूचे तुकडे निघाले. चेसिसच्या नंबरवरची माती खरवडून त्यावर कागद धरला आणि पेन्सिल आडवी घासली. एकेक आकडा उमटत गेला, शेवटचे दोन अंधूक. भाऊंनी कागद उजेडाकडे धरून पाहिला आणि "चालते" म्हणाले. आम्ही कामापुरतंच बोलत होतो. "पाना दे," "धर," "सोड." त्यात एक समाधान होतं आणि ते घेण्याचा मला काही हक्क नव्हता, हे मला दर तासाला आठवत होतं. दुसऱ्या दिवशी मी दाराचा रंग उडालेला पत्रा दाखवून विचारलं, "हे रंगवावं लागेल?"

"पासिंगले नाई लागत," ते म्हणाले आणि पुढच्या कामाला लागले.

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉर्न तेवढा उरला. त्यांनी कापलेली टोकं सोलली. तांबं हिरवं पडलं होतं. मी ड्रायव्हरच्या सीटवर होते, चावी लावलेली. त्यांनी तारा जोडल्या.

मी बटणाला हातही लावला नव्हता. हॉर्न आपोआप वाजायला लागला. बारा वर्षं पडून बटणाचा आतला पत्रा चिकटून बसला होता, हे कारण नंतर कळलं. तेव्हा फक्त तो आवाज होता. दाबून धरलेला, लांब, न तुटणारा, त्या सकाळचाच. माझे दोन्ही हात मांडीवर होते आणि तो वाजत होता. मी हात वर उचलून बघितले. खरंच, दोन्ही रिकामे होते. समोर काचेतून मला फाट्याचा रस्ता दिसत होता आणि त्याच्या डाव्या बाजूला नुसतं बघायचीही माझी छाती होत नव्हती.

भाऊंनी तार उपटली. एकदम सगळं शांत झालं. पलीकडे चहाच्या टपरीवरची माणसं वळून बघत होती.

"भाऊ," मी म्हटलं, "तेव्हा हॉर्न मी वाजवला होता. बाबांनी नाही. गाडी मी चालवत होते. ते नको म्हणत होते."

ते बॉनेटवर वाकलेले होते. तसेच राहिले. हातातली तार बोटाला गुंडाळत होते, सोडत होते. माझं सांगून झाल्यावर मला वाटलं ते मारतील. मारावं, असंही वाटलं. मी सीटवरून उतरले नाही, म्हणजे मारायचंच असेल तर त्यांना यायला सोपं जावं.

"घरी जा," ते म्हणाले. "गाडी राहू दे. परवा आरटीओचा कॅम्प आहे ब्रह्मपुरीले. उद्या संध्याकाळी घेऊन जाजो."

मी पायी घरी आले. आईने विचारलं, झालं का काम, मी हो म्हटलं. जेवले. नीट जेवले, याचाच मला राग आला.

दुसऱ्या संध्याकाळी गेले तेव्हा गॅरेज बंद होतं. गाडी बाहेर धुऊन उभी, चावी टपरीवर ठेवलेली. मी बसले आणि बटण बोटाने नुसतं टेकवलं. हॉर्न बारीक वाजला आणि लगेच थांबला. नवं बटण बसवलं होतं. घरी जाताना पूर्ण रस्ता मी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच चालवला.

कॅम्पला पंधरा-सोळा गाड्या रांगेत होत्या. एका जीपवाल्याच्या जीपला मागचा दिवा नव्हता, त्याने बायकोच्या स्कूटीचा काढून तिथल्या तिथे तारेने बांधला, आणि सगळी रांग त्याला सल्ले देत होती. माझा नंबर आला. साहेब तरुण होते, कंटाळलेले पण नीट बघणारे. पेन्सिलचा कागद चेसिसशी ताडून पाहिला. डावा इंडिकेटर. उजवा. ब्रेक. वायपर. पट्टा लावून दाखवा. मग कागदावरून नजर न काढता म्हणाले, "हॉर्न."

मला वाटलं होतं माझा हात जाणार नाही. हात गेला. दोनदा वाजवला, आखूड. शेजारून एक म्हातारी सायकल ढकलत चालली होती, ती दचकली आणि मला दोन शिव्या देऊन पुढे गेली. साहेबांनी खूण केली आणि पुढच्या गाडीकडे गेले. झालं. एवढंच होतं ते.

परत येताना मी वळणावर थांबले नाही. मोहाचे दिवस नव्हते, झाडांखाली कोणी नसणार, तरी मी काच पूर्ण खाली केली आणि उजवा हात बाहेर काढला. का काढला ते मला माहीत नाही. वाजवायचं काही नव्हतं. वळण संपेपर्यंत हात दारावर तसाच ठेवून मी गाडी चालवली.

फाट्यावर भाऊ एका पिकअपचं मागचं चाक खोलत होते. मी गाडी बाजूला लावून उतरले.

"पास झाली?"

"झाली."

त्यांनी पाना खाली ठेवला, हात पुसले. मला वाटलं इतकंच. मग ते बोलायला लागले, माझ्याकडे न बघता, जमिनीवरच्या ऑइलच्या डागाकडे बघून.

"मास्तर इथी यायचा. दोन महिन्यानं, तीन महिन्यानं. गाडीले काई झालं नसलं तरी यायचा. ऑइल पाय म्हने, हवा पाय म्हने. त्या बाकड्यावर बसायचा. आन् मी काम करता करता त्याले बोलायचो. मी काय काय बोललो त्याले, बाई, तुले सांगता येत नाई. पह्यल्यांदा वाटलं उठून जाईन. नाई गेला. मंग मले सवयच लागली. तो आला का माया तोंडातून निघायचंच. तो आयकून घ्यायचा, पानी मांगायचा नाई, मी द्यायचो नाई, आन् जायचा."

त्यांनी पायाने त्या डागावर माती लोटली.

"एकदा मी म्हनलं, तुयी पोरगी न्यायले पायजे होती वाघानं. मंग समजलं असतं तुले. त्या दिवशी तो रडला. इतक्या वर्षांत तेवढाच एकदा रडला. मले वाटलं, चला, आज लागलं याले."

त्यांचा आवाज कुठेही चढला नाही. ते बेरीज सांगावी तसं सांगत होते. मग त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं.

"आता हे मी कोनाकून वापस घेऊ? तो तर गेला ना."

मी जाऊन त्या बाकड्यावर बसले. "मला म्हणा," मी म्हटलं. "भाऊ, जे त्यांना म्हणत होता ते सगळं मला म्हणा. ते माझंच होतं. मी येत जाईन. दोन महिन्यांनी, तीन महिन्यांनी, जेव्हा म्हणाल तेव्हा येईन."

त्यांचे ओठ हलले, त्यांनी एकदा सुरुवातही केली. मग मान हलवली.

"नाई येत," ते म्हणाले. "त्याच्या नावानंच होतं सगळं. पुरं त्यालेच देऊन झालं. तुयासाठी माया जवळ काईच नाई राह्यलं, बाई."

आणि ते पुन्हा पिकअपच्या चाकाकडे वळले.